तिसरी धुलाई

प्रिय मुंगी,

डॉक्टरांनी माझ्या तोंडाला कुलूप घातलंय. घसा बसला म्हणून दाखवायला गेले आणि मुकी होऊन परतले. घरी सगळे खूश. आमचे हे म्हणाले, लग्नानंतर पहिल्यांदाच पंख्याचा आवाज ऐकू आला. प्रयोगशाळेत तुम्ही मला भोंगा म्हणायचात. त्या भोंग्याची वीज गेली असं समज. बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

काल आपलं प्रथिन संगणकाच्या पडद्यावर उघडून बघत होते. दोन सारखे भाग, एकमेकांना टेकून, जीवाणूच्या पातळ स्निग्ध आवरणात रोवलेले. प्रत्येकात जस्ताच्या एका कणापुरती बैठक, आणि तो कण धरायला चार हात. जस्त नसेल तर जीवाणू मरतो, जास्त झालं तरी मरतो. म्हणून हा द्वारपाल जादा जस्त आतून उचलतो, आतलं दार लावतो, मगच बाहेरचं उघडतो. बदल्यात बाहेरचा हायड्रोजनचा कण आत घेतो. दोन्ही दारं एकदम कधीच उघडी नाहीत. इतक्या सभा गाजवल्या मी, पण आत घेणं आणि बाहेर सोडणं यांची एवढी शिस्त एकाही सभेत पाहिली नाही, माझ्या स्वतःच्या तर नाहीच.

आणि हेच प्रथिन आपल्या हातात आलं की ढिम्म. साबणासारख्या द्रावणाने ते आवरणातून सोडवायचं, तीनदा धुवायचं, चरबीच्या पोकळ गोळ्यांत उलट्या तोंडाने बसवायचं आणि बाहेर जस्त सोडायचं. जस्त आत शिरलं तर गोळ्यांत भरून ठेवलेला रंग चमकणार. रंग काही चमकेना. आपल्या प्रयोगशाळेचा धर्म एकच, शुद्धता, आणि त्याची प्रवचनकार मी. नमुन्यात दुसरं काही दिसता कामा नये, यावर चहा गार होईपर्यंत बोलायचे. पैसे देणारी समिती येऊन काम बंद करणार हे ठरल्यातच जमा होतं. तुझी नोकरी जाणार होती, आणि घरात मिळवती तू एकटी.

समिती यायच्या आदल्या दुपारी पाळणाघरातून फोन आला, तुझी लेक तापाने फणफणली होती. तू प्रथिनाची नळी बर्फात खोचून धावत सुटलीस. दुसऱ्या दिवशी त्याच नळीतलं प्रथिन मी वापरलं आणि रंग चमकला! मी बाकांमधून नाचले. समितीपुढे उभी राहून शुद्धतेचा विजय असा काही रंगवला की म्हातारे सदस्यही सरसावून बसले. लेकीला आजीकडे सोपवून तू थेट बैठकीलाच आली होतीस. चारचौघांत नाव विचारलं तरी तुझ्या तळव्यांना घाम फुटतो. तरी मागच्या खुर्चीवरून उठलीस आणि म्हणालीस, "ते मी तिसऱ्यांदा धुतलंच नव्हतं."

आपल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तुला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. गप्प राहिली असतीस तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि नोकरीही टिकली असती. पण त्या एका वाक्याने कोडं सुटलं. तिसऱ्या धुलाईत मळ जात नव्हताच. प्रथिनाला बिलगलेली जीवाणूची स्वतःची चरबी जात होती, आणि तिच्याशिवाय ते दोन भाग एकमेकांना धरून राहत नव्हते. आपण त्याला धूत नव्हतो, सोलत होतो. ती चरबी राहू दिली तेव्हा कुठे त्याचं खरं रूप दिसलं, काम वाचलं, तूही राहिलीस. तेव्हापासून शुद्धतेच्या नावाने कुणी गळा काढला, मग ती प्रथिनाची असो की माणसांची, की मला बर्फातली ती नळी आठवते, आणि मी भर सभेत त्याला आडवी जाते.

आता लिहायचं खरं कारण. घशातली गाठ वाईट निघाली. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढणार आहेत. जीव वाचेल म्हणतात, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. त्यानंतर महिन्याभराने मोठ्या सभागृहात या प्रथिनावर माझं भाषण ठरलेलं आहे. रद्द करायचं का, असं आयोजक विचारत होते. मी तुझं नाव सुचवलंय, तुला न विचारता. हवं तेवढं रागव, मला उलट बोलता येणार नाही. व्यासपीठावरून जगाचे आभार मानले मी, तुझे तेवढे राहिले. ते या कागदावर मानते. घाम पुसायला रुमाल मी आणीन आणि जन्मात पहिल्यांदा पहिल्या रांगेत बसेन. तू फक्त तुझं ते वाक्य पुन्हा एकदा म्हण. टाळ्या वाजवायला घसा लागत नाही.

तुझीच, वीज गेली तरी,
भोंगा