डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा

माय, आज दुपारी मी एका लढाऊ विमानाच्या उजव्या पंखाला हिरवा ठिपका दिला आणि पकडला गेलो. तुला यातलं काही कळायचं नाही, म्हणून सावकाश सांगतो. विमान खरं नाही. प्लास्टिकचं आहे, खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, तुझ्या पोळपाटावर बसेल असं. तुझ्या नातीनं माझ्या वाढदिवसाला मागवलं. खोकं उघडलं तर आत विमान नव्हतंच, करड्या चौकटींना चिकटलेले शंभरावर तुकडे होते आणि ते कसे जोडायचे याचं एक चित्रांचं पुस्तक. महिना झाला, दर रविवारी दुकान बंद ठेवून मी त्याच्याशी झटतोय. आधी वैमानिकाची खुर्ची आणि समोरची यंत्रं रंगवायची, मग अंगाचे दोन अर्धे चिकटवायचे. त्याआधी नाकात वजन भरायचं, नाहीतर विमान शेपटीवर बसतं. मी सायकलच्या बेरिंगमधल्या गोळ्या भरल्या. घाई केली की डिंक नको तिथं पसरतो, आणि माझा स्वभाव तर तुला माहीतच आहे. दोनदा सगळं फेकून द्यायला निघालो होतो.

रंगाच्या छोट्या बाटल्याही तिनंच आणल्या, आणि प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली. करडा, निळा, लाल, हिरवा. कारण तिच्या बापाला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांत आधी ते तुला कळलं होतं. मीच सांगितलं होतं.

मी हवाई दलाच्या भरतीला गेलो तो दिवस आठवतो? तू वारंगा फाट्यावरच्या हॉटेलात भजी तळायचीस, आणि माझं लेकरू विमानाच्या नोकरीला चाललं म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला ऐकवायचीस. धावण्यात मी पास झालो होतो. दुसऱ्या दिवशी नांदेडला डॉक्टरी तपासणी होती. सकाळी सातला मी फाटकापाशी उभा आहे. पुढची रांग सरकते, मी सरकत नाही. मागचा पोरगा म्हणतो, "भाऊ, चल की." मी त्याला पुढं जाऊ देतो. मग त्याच्या मागच्यालाही. कुणी दमदाटी केली नाही, काही पाहिलं नाही. नुसतं वाटलं की आत गेलो तर हे लोक खरंच घेतील, आणि मग मला जावं लागेल, त्या मोठ्या यंत्रांजवळ, घरापासून इतकं लांब. माझे पाय गार पडले. मी वळलो आणि दिवसभर बसस्टँडवर बसून राहिलो. मी भ्यालो होतो, माय. एवढंच झालं होतं.

संध्याकाळी फाट्यावर उतरलो तर तू कढईसमोरून उठून आलीस, हाताला बेसन तसंच. "काहून रे, तोंड उतरलं तुझं? काय झालं?" आदल्या दिवशी आमच्या आधीच्या तुकडीतला एक पोरगा रडत होता, त्याला रंगांच्या तपासणीत काढलं होतं. त्याचं दुःख मी उचललं आणि तुझ्यासमोर ठेवलं. म्हणालो, "मला लाल-हिरवं कळत न्हाई म्हने. डोळ्यात खोट हाय."

तू ओरडशील, त्यांना शिव्या देशील, असं वाटलं होतं. तू मटकन खाली बसलीस. मग हळूच म्हणालीस, "मी कांदे चिरले व्हते." मला काही कळेना. "तू पोटात व्हतास. गिरान लागलं व्हतं. मालक म्हनला, ट्रकवाल्यांना कुठं आलं गिरान, भजी पायजेत. मी चिरले रे. माझ्यानंच झालं." ग्रहणात पोटुशीनं काही चिरलं की लेकरात खोट येते, हे तुला तुझ्या आईनं सांगितलेलं. एकोणीस वर्षं तू माझे कान, ओठ, बोटं तपासत होतीस, आणि सगळं धड आहे म्हणून निर्धास्त झाली होतीस. मी एका वाक्यात तुला ती खोट काढून दिली.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, हिचं रडणं थांबलं की सांगू. तू रडायची थांबलीस आणि काळजी घ्यायला लागलीस, ते तर अजून वाईट. टोमॅटो मला निवडू द्यायची नाहीस. ताटात मिरची वाढताना सांगायचीस, "ही पिकलेली हाय, लाल, बरं का." मी मान डोलवायचो. वायरमनचं काम शिकायची फार इच्छा होती, पण वायरींना रंग असतात, आणि तू ऐकशील या भीतीनं तेही सोडलं. शेवटी कळमनुरीला झेरॉक्सचं दुकान टाकलं. तिथं सगळं काळं-पांढरं, कुणी काही विचारायचं कारण नाही. स्वतःच्या खोटेपणाला इतक्या इमानदारीनं जपणारा माणूस तुला दुसरा सापडणार नाही. सुनेला दिवस गेले तेव्हा एक ग्रहण आलं, तर तू तिला खोलीत बसवून बाहेरून कडी लावलीस. सुरी, कात्री, सुईसुद्धा पदरात बांधून उंबऱ्याशी बसलीस. मी समोर पेपर वाचत होतो.

त्या कडीमागं पोटात होती ती पोरगी आता एकोणीस वर्षांची आहे. वर्षभर शाळेच्या मैदानावर पळतेय. उद्या सकाळी नांदेडला तिची चाचणी आहे, तीच, विमानाच्या नोकरीची. आज दुपारी ती माझ्या मागं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी उद्या जाऊन नाही राहिले."

"काहून?"

"भीती वाटते." मग आवाज फुटला तिचा. "तुम्हाला डोळ्यांनी अडवलं. मला कुणीच अडवलं नाही, तरी पाय उचलत नाही. तुमची पोरगी असून मी अशी कशी?"

मी विमानावर वाकलो. पंखांच्या टोकांना दिवे असतात, मोहरीएवढे, डावीकडं लाल आणि उजवीकडं हिरवा. लाल दिला. ब्रश पुसला. हिरवा दिला. तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या कुठंयत?" थिनरनं पुसताना त्या कधीच निघून गेल्या होत्या. तिनं दोन्ही बाटल्या उचलल्या, पाठीमागं नेल्या, फिरवल्या आणि पुन्हा माझ्यासमोर धरल्या. "यातली लाल कोणती?"

चुकीची दाखवली असती तर सुटलो असतो. मनात तेच आलं होतं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. पण उद्याची बस चुकली तर ती आयुष्यभर कोणत्या तरी स्टँडवर बसून राहील हे मला दिसत होतं. मी लाल बाटलीवर बोट ठेवलं. मग सगळं सांगितलं, फाटक, रांग, गार पडलेले पाय. तिच्याकडं बघायची हिंमत होत नव्हती.

"म्हणजे तुम्ही आत गेलाच नाहीत?"

"न्हाई."

ती खाली बसली. हसली की रडली, मला कळलं नाही. "मग तुम्ही पण भ्याले होते," एवढंच म्हणाली, आणि थोड्या वेळानं उठून बॅग काढली. एक शर्ट घडी करून ठेवला. दुसरा हातात घेऊन थांबली. "आणि आजी? मम्मी सांगते, ती ग्रहणात कडी लावून बसली होती. आजीला खरं माहीत होतं ना?"

मी म्हणालो, "व्हय. सांगितलं होतं मी तिला. हसली होती."

तिनं दुसरा शर्ट बॅगेत ठेवला. उद्या पहिल्या बसनं जाते म्हणाली. आता आतल्या खोलीत बुटांच्या नाड्या बदलतेय, आणि मी दुकानातल्या कोऱ्या कागदावर हे लिहितोय. कुठं पाठवायचं नाही, तिला वाचू द्यायचं नाही. खरं काय झालं ते तुला आणि मलाच माहीत आहे, आणि तुलाही अर्धंच. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तू माझा हात धरून म्हणालीस, "त्या कांद्याचं माफ कर रे लेकरा." खोलीत आपण दोघंच होतो. सांगायला अख्खी दुपार होती. आणि मी तुला माफ केलं, माय.