पुष्करचा शनिवार

पुष्कर,

गाढ झोपला होतास म्हणून उठवलं नाही. ओट्यावर पोळ्या आणि बटाट्याची भाजी झाकून ठेवली आहे. उठल्या उठल्या खा, मॅचच्या तोंडावर नको. केळी बॅगेत टाकली आहेत, ती हाफ टाइमला.

आज शनिवार आहे, मला माहीत आहे. तरीही खा. कंपनीच्या मॅचेस सुट्टी म्हणून शनिवारी, आणि तुझा उपासही शनिवारी. नुसत्या चहावर पहिला हाफ जोरात पळतोस, दुसऱ्यात कमरेवर हात ठेवून उभा राहतोस आणि घरी येऊन बुटांना नावं ठेवतोस. बूट चांगले आहेत. पोटात काही नसेल तर पायांत कुठून येणार?

मागच्या मंदीत नोकरी गेली तेव्हा तू शनिवार धरलास. नोकरी मिळाली, तरी सोडला नाहीस. सोडला तर पुन्हा जाईल, असं वाटतं ना तुला? यंदा ऑफिसात तुमच्या मजल्यावरच्या किती खुर्च्या रिकाम्या झाल्या, तेही तू सांगितलं नाहीस. मला सोसायटीत कळलं.

मी मारुतीला चालले आहे. आजपासून शनिवार मी करणार. घरात एकाने केला की झालं, आणि मला काही फुटबॉल खेळायचा नाही.

आल्यावर ताटली रिकामी दिसली पाहिजे. आजची फायनल हरलास तरी चालेल. आणि नोकरी गेलीच, तरी पुढच्या शनिवारी तू जेवणार आहेस.

तनया