पाकाचा तिसरा हात

मी, कोपऱ्यावरच्या शेगडीवर डुकराच्या मांसाच्या काड्या, म्हणजे काडीला ओवलेले तुकडे, भाजून विकणारी, जिला सगळी गल्ली काडीवाली म्हणून ओळखते ती, आज दुपारची गिऱ्हाइके उरकल्यावर, हात धुऊन, वकीलबाईंच्या टेबलापाशी बसून हे मृत्युपत्र करते. मला कोणी धमकावलेले नाही की गोड बोलून इथे आणलेले नाही. डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडात धरून जे सांगितले ते मला नीट समजले. धुराने आयुष्यभर माझे पोट भरले, आता तो आपला हिस्सा मागतो आहे. तेव्हा माझ्या पश्चात माझ्या वस्तू कोणाला मिळाव्यात आणि मुख्य म्हणजे कोणाला मिळू नयेत, हे मी ठरवून जाते. यापूर्वी मी असे काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

कलम पहिले. मला मूलबाळ नाही. माझे पती वारले. जवळचे म्हणावेत असे एक धाकटे दीर आहेत, ज्यांचे दुकान रस्त्यापलीकडे, माझ्या शेगडीच्या बरोबर समोर आहे. त्यांना एक चिरंजीव आणि एक मुलगी, म्हणजे माझी पुतणी. दिरांना मी भाऊजी म्हणते, रागातसुद्धा भाऊजीच म्हणते, कारण जिभेला लागलेले वळण जात नाही. मी गेले की माझे सगळे आपसूक त्यांच्या पदरात पडणार, असे त्यांनी धरून ठेवले आहे. हा कागद मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

कलम दुसरे. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला माझा टेबलफॅन द्यावा. माझ्या धुराबद्दल त्याने इतके तक्रारअर्ज केले की ते घेणारा कारकून त्याला लांबूनच नमस्कार करू लागला. हाच शिंपी दर संध्याकाळी खिडकीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडी आणि काड्या वर ओढून घेई. पंखा त्याने खिडकीत, तोंड बाहेर करून लावावा. चुकून आत केले तर भूक लागेल.

माझ्या साड्या, भांडी आणि कपाट ज्याला हवे त्याने न्यावे. त्यावरून भांडण करू नये, त्या वस्तूंची तेवढी लायकी नाही.

कलम तिसरे. समोरचे दुकान कसे झाले ते इथे नोंदवते, कारण त्याच्या पाटीवर वेगळीच गोष्ट रंगवलेली आहे. ते दुकान आम्ही तिघांनी उभे केले. शेगडीवर मी, काड्या फिरवायला आमचे हे, आणि गल्ल्यावर भाऊजी. काड्या निखाऱ्यावर पडल्या की मी हाक द्यायची, पहिला हात. मग दुसरा हात. मग तिसरा. हात म्हणजे ब्रशाने दिलेला थर, भिंतीला रंगाचा हात देतात तोच. हे डबा पुढे करत आणि मी ब्रश फिरवी. बिस्किटांचे रिकामे डबे होते ते, तिन्ही एकसारखे. पुढच्या बाजूने पाहणाऱ्याला एकच डबा दिसे.

भाऊजी शेगडीकडे कधी फिरकले नाहीत. शर्टाला वास लागतो, म्हणत. गल्ल्यावर बसून ते माझे हात ऐकत राहिले, आणि ऐकून ऐकून त्यांनी मनाशी पक्के केले की गोड-तिखट पाकाचे तीन हात मारले की काडी झाली. मी कशाला सुधारू? त्यांनी मला काही विचारलेच नव्हते.

पुढे हे गेले आणि मी अंथरुणाला खिळले. उठून दुकानावर गेले तेव्हा पाटी नवी होती. तिच्यावर भाऊजींचा फोटो, हातात माझा ब्रश, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘मूळ काडीवाला’. माझी शेगडी बाहेर फुटपाथवर ठेवलेली होती, तिच्यात कोणीतरी केळीची साले टाकली होती. दुकानाचे कागद दोघा भावांच्या नावावर आहेत, असे आमचे हे समजून चालले होते; ते निघाले एकट्या भाऊजींच्या नावावर. भावावर विश्वास ठेवायला त्यांना कागद उघडून बघावा लागला नाही. मी आत गेले आणि माझे काय, असे विचारले. भाऊजी नोटा मोजत होते, त्यांनी मान वर केली नाही.

“शेगडी तुमचीच आहे, घेऊन जा,” ते म्हणाले. “पाक मला येतो, वहिनी.”

गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात म्हणाले. दोनचार जण हसले. त्या वाक्याने माझा इतका जळफळाट झाला की मी आजारपण विसरले. बांगड्या विकल्या, समोरची सायकल दुरुस्तीची बंद खोली घेतली आणि शेगडी तिच्या दारात मांडली, भाऊजींना गल्ल्यावरून रोज दिसेल अशी. वहिनी काड्या करते, असे ते लोकांना सांगत फिरले. खरेच आहे, करते, आणि संध्याकाळपर्यंत संपवतेही.

कलम चौथे. धाकटे दीर यांना मी पुढील माहिती ठेवते. ही त्यांची एकट्याची, तिच्यात कोणाचा वाटा नाही.

भाऊजी, पहिला हात पाकाचा नसतो. पहिला हात मीठ आणि व्हिनेगर घातलेल्या पाण्याचा. दुसरा हात वितळवलेल्या चरबीचा. पाक तिसऱ्याला. पाकात गूळ आहे, आणि गूळ मांस शिजायच्या कितीतरी आधी जळतो. तुमच्या काड्या बाहेरून कोळसा आणि आतून कच्च्या का निघतात, त्याचे हे कारण. तुम्ही कोळसा बदललात, खाटीक बदललात, मिरची बदललीत, शेवटी विजेची शेगडी आणलीत. एकदा तर माझ्या काड्या विकत आणवून धुऊन पाहिल्यात म्हणे. मी समोरून बघत होते. तुम्ही कच्च्या मांसावर पाकाचा ब्रश फिरवताना बघून माझा दिवस चांगला जाई. पाऊस असो, ताप असो, ते बघायला मी दुकान उघडले आहे.

रस्ता ओलांडून विचारायला आला असतात तर सांगितले असते का? नसते सांगितले. पण विचारतानाचे तुमचे तोंड बघायला मला फार आवडले असते, ती इच्छा राहून गेली.

तिसरा हात कधी द्यायचा, काडी निखाऱ्यावर असताना की उतरवल्यावर, आणि पाक तेव्हा गरम हवा की निवलेला, हे मी इथे लिहीत नाही.

कलम पाचवे. ते माझ्या पुतणीला माहीत आहे.

भाऊजींनी चिरंजीवांना गल्ल्यावर बसवले आणि मुलीला मागच्या मोरीपाशी. काड्या करपून आल्या की वरचा काळा थर सुरीने खरवडून काढायचा, ही तिची नोकरी. लग्न मोडून परत आली तेव्हापासून ती हेच करते आहे, आणि वडील तिला येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर ‘आमची खरवडणी’ म्हणतात. तिच्या बोटांवर सुरीचे वण आहेत. एका दुपारी भाऊजी वामकुक्षी करत असताना ती माझ्या मागच्या दाराशी आली.

“काकू,” ती म्हणाली, “आमचंच का जळतं?”

त्या घरातून हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. मी तिला आत घेतले. भाऊजींच्या मुलीला भाऊजींच्या नाकासमोर तयार करायची, या विचाराने मला गुदगुल्या झाल्या होत्या. सुरुवात सुडाने झाली, याची मला लाज वाटत नाही. पण पोरगी शिकत गेली. मांसाला बोट लावून आतले शिजलेपण ओळखू लागली. मिरचीच्या वासावरून आज गूळ थोडा चढवावा लागेल, हे माझ्याआधी सांगू लागली. एकदा मला खोकल्याची उबळ आली तेव्हा तिने सगळी शेगडी सांभाळली, आणि गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. तिच्यावर माझा जीव आहे. मी सुडाचे काम हाती घेतले आणि मधेच ती माझी लेक झाली.

कलम सहावे. सबब कोपऱ्यावरची खोली, दारातली शेगडी, तिन्ही डबे, ब्रश, बँकेतली शिल्लक आणि ‘काडीवाली’ ही पाटी मी माझ्या पुतणीला देते. हे तिचे एकटीचे. वडील, भाऊ किंवा पुढेमागे होणारा नवरा यांचा त्यात काडीइतकाही हक्क नाही. अटी दोनच. चिरंजीवांना गल्ल्यावर बसवू नये. आणि भाऊजींना काडी खावीशी वाटल्यास त्यांनी रांगेत उभे राहावे, मालकिणीचे वडील म्हणून पुढे घेऊ नये. काडी मात्र त्यांना चांगली भाजून द्यावी. त्यांनी खरी चव एकदा तरी घ्यावी आणि ती घशाखाली उतरताना समोरची आपली पाटी वाचावी.

पुतणीला हे आज मी सांगितले तेव्हा ती घाबरली. बाबा कोर्टात जातील, म्हणाली. भाऊजी हल्ली गल्लीत सांगत फिरतात की वहिनीला भ्रम झाला आहे, ती भिंतीशी बोलते, उद्या तिने कागदावर काही लिहिले तर ते धरायचे नाही. तिचे भय खरे आहे. मी गेल्यावर तिला खोलीतून काढायला त्यांना तेवढेच पुरेल. म्हणून पुढचे कलम.

कलम सातवे. या कागदाची अंमलबजावणी वकीलबाई करतील. साक्षीदार दोन आहेत. साक्ष देणाऱ्याला मृत्युपत्रातून लाभ घेता येत नाही, असे वकीलबाईंनी समजावले. पहिला साक्षीदार माझा खाटीक, म्हणून त्याला द्यायचा मोठा सुरा मी जिवंतपणीच हातोहात दिला. दुसऱ्या साक्षीदाराला मी स्वतः निरोप धाडला, की तुमच्या सहीशिवाय माझा कागद पुरा होत नाही, घरातले पुरुषमाणूस तुम्हीच. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. वरचा मजकूर कोऱ्या कागदाने झाकलेला होता. त्यांनी तो उचलून बघितला नाही. सगळे आपल्यालाच मिळणार, ही खात्री असलेला माणूस वाचत बसत नाही. उलट, पुढे कोणी भलत्यासलत्याने हक्क सांगू नये म्हणून साक्ष भक्कम लिहा, असे त्यांनीच वकीलबाईंना सुचवले. बाई म्हणाल्या, मग तुमच्याच शब्दांत, तुमच्याच अक्षरात लिहा. आता ते बाहेर चहा घेत आहेत, तेवढ्यात हे कलम लिहून घेते, मग सगळ्यांच्या सह्या होतील.

मी गेल्यावर हे मृत्युपत्र सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, आणि वाचन शेवटच्या ओळीपासून सुरू करावे.

स्थळ: वकीलबाईंची कचेरी.
तारीख: शिक्क्यात आहे ती.

सही: काडीवाली

साक्षीदार पहिला: बाईंनी माझ्यादेखत सही केली. सही: खाटीक

साक्षीदार दुसरा, स्वहस्ते: माझ्या थोरल्या वहिनी पूर्ण शुद्धीवर असून त्यांचे डोके उत्तम चालते. मी त्यांना रोज समोरून पाहतो, त्यांना कसलाही भ्रम नाही. त्यांनी वर जे काही लिहिले आहे ते नीट विचार करूनच लिहिले आहे, आणि उद्या कोणी याविरुद्ध बोलल्यास ते खोटे समजावे. सही: धाकटा दीर, मूळ काडीवाला