छापील पाकीट

दि. ४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून जिन्यालाच शिव्या देतात का? तुझ्या सासूबाईंचा खोकला उतरला का? आणि तुझी दाढ? काढलीस की अजून नुसतीच घाबरून बसली आहेस? माझ्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं.

निघताना तू बजावलंस की पत्रात तुझ्या लेकाचं नाव काढायचं नाही. दादा शब्द पाळतो. पण डोळ्याबद्दल लिहायला मनाई नव्हती. तर या डोळ्यात सकाळी थेंब घालणारा माणूस सहा फूट उंच आहे, आणि लहानपणी आपण त्याला टिल्लू म्हणायचो. दुपारी तो कामावर गेला की त्याचा जोडीदार थेंब घालतो. हा दवाखान्यात नर्स आहे. हात हलका, पण जीभ अशी की डोळा मिटला तर माझा उद्धारच करतो. पाच वर्षं दोघं एकत्र राहतात आणि ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला यावर रोज वाजतं. मला तर तुझ्याच घरी उतरल्यासारखं वाटलं.

शनिवारी त्यांनी मला आपल्या मंडळात नेलं. सायकलच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. पुरुषांवर जीव असलेले पुरुष आणि बायकांवर जीव असलेल्या बायका तिथं जमतात. खोटं कशाला सांगू, मी आधी दाराशी अंग चोरून बसलो. तेवढ्यात एक निवृत्त शिक्षिका आणि तिच्याबरोबर एकवीस वर्षं संसार करणारी जोडीदारीण माझ्या दोन बाजूंना येऊन बसल्या. माझ्या डोक्यावरूनच त्यांचं घराच्या रंगावरून भांडण चालू होतं, आणि शेवटी त्यांनी मलाच पंच केलं. मग कसलं अंग चोरतो!

तिथं भिंतीवर एक यादी आहे. कुणाला घरच्यांनी बाहेर काढलं तर त्याला आपल्याकडे कोण ठेवून घेईल, त्यांची नावं. पहिलं नाव सहा फुटांचं आहे.

काल मंडळाच्या मोर्चालाही गेलो. काळ्या चष्म्यामुळे लोकांना वाटलं मीच पुढारी. पोलिसानं माझ्यासाठी गाड्या थांबवल्या. चौतीस वर्षं टपाल वाटलं, तेव्हा कुणी सायकलसुद्धा थांबवली नव्हती.

सर्वांस नमस्कार.
दादा

दि. ११ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

गुडघा बोलतो, खोकला बोलतो, दाढ काढली म्हणून ती तेवढी गप्प आहे. तू शब्द पाळतोस तो हा असा. पत्र दोनदा वाचलं, हे त्याला सांगू नकोस.

त्यानं आपलं सांगितलं तेव्हा मी रडले, दोन दिवस जेवले नाही, हे खरंच. पण नंतर त्याची तीन पत्रं परत पाठवली ती रागानं नाही, दादा. आमच्या गल्लीचं टपाल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातच टाकतात आणि दुकानदार एकेकाला पुकारतो. त्या पाकिटावर मंडळाचं नाव ठळक छापलेलं. त्यानं ते शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचलं. सात बायका उभ्या होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं की आमचं नाही, परत पाठवा. पुढच्या दोन वेळा हात पुढे करायचा धीर झाला नाही. मग पत्रंच बंद झाली. त्यात काय लिहिलं होतं, ते मला आजही माहीत नाही.

तुझी धाकटी

दि. १९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. रागव. आईनं आपल्याला टाकलं असंच तो दोन वर्षं धरून बसला होता. पत्र ऐकलं आणि माझा दुपारचा थेंब सकाळीच घालून बसला.

आता माझं ऐक. गल्लोगल्ली फिरायची पायपीट वाचावी म्हणून मीही नोकरीभर दुकानातच थैली रिकामी केली. पाकीट आतल्या पत्राआधी वाचलं जातं, हे मला माहीत असायला हवं होतं. शनिवारी मंडळात उभा राहून म्हणालो की ही छापील पाकिटं गावोगाव पाठवू नका. तिथली वकीलीण उसळली. म्हणाली, आयुष्यभर लपलो, आता आमचं नाव आम्हीच खोडायचं का. मी म्हटलं, रस्त्यावर हवं तेवढं ओरडा, मीही ओरडलो. पण ज्याच्या दारात पत्र जातं त्यानं अजून तोंड उघडलेलं नसतं. ते कधी उघडायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्या. ती फणकारून गेली आणि तासाभरानं कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा स्वतःच घेऊन आली. आता पत्र पाठवण्याआधी विचारतात, पाकीट कोणतं हवं.

सोबत त्याचं पत्र आहे, माझ्या साध्या पाकिटात. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला मला पोचवायला तो येईल. एकट्यानं यावं की दोघांनी, एवढं सांग. एकटाच ये म्हणालीस तर तो दारापर्यंत येईल आणि माघारी फिरेल, हे मी त्याला ओळखून सांगतो.

दादा

दि. २३ फेब्रुवारी (उघडं कार्ड)

चि. टिल्लू आणि चि. नर्सबाबा, दोघांस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. हे कार्ड मुद्दाम दुकानात उभी राहून लिहिते आहे. दुकानदार मान वाकडी करून वाचतोय, म्हणून अक्षर मोठं काढलंय. त्यानं विचारलं की हे नर्सबाबा कोण. मी सांगितलं, टिल्लूचा जोडीदार, म्हणजे आता आमच्याच घरचा. त्यानं दोनदा घसा खाकरला आणि वजनं पुसायला घेतली.

बाबांनी पलंग हलवून ठेवलाय, गुडघ्याला शिव्या देत. आजी म्हणतात, घरात नर्स येतोय तर खोकला आणखी आठ दिवस पुरवून ठेवते. ओला टॉवेल मात्र माझ्या पलंगावर चालणार नाही, दोघांचाही.

मामाला घेऊन दोघं या. कोणत्या गाडीनं येता ते लगेच लिहा, आणि मंडळाच्या छापील पाकिटातूनच लिहा. दुकानदारानं पुकारलं की मी पुढे होऊन घेईन.

आई