सीटखालचे सोडे

बुधवार, संध्याकाळ

सुधीरची गाडी सुरू झाली. सकाळपासून सगळे बॅटरी, बॅटरी करत होते. अरे, बॅटरी उतरली असती तर स्टार्टर एवढा जोरात फिरला असता का? इंजिन फिरतंय पण पकडत नाही, म्हणजे पेट्रोल पोचत नाही. चावी दिली की मागच्या सीटखाली पंप घूं करतो. हा गप्प. तिथेच कळलं मला. वीस वर्षं उगाच नाही काढली गॅरेजात.

सीट उचलली तर पंपाची वायर उंदरांनी कुरतडलेली. शेजारी फाटकी पिशवी, आत सोड्यांचा चुरा. माझ्या तोंडून निघून गेलं, "सोडे कोणी ठेवले रे इथे?"

सुधीरचा चेहरा उतरला. मागे काकी, त्याची आई, चहा घेऊन उभी. मे महिन्यात तिनेच दाभोळची कोळंबी सोलून, वाळवून त्याला बांधून दिलेली. मुंबईला बिल्डिंगीत वास येतो म्हणून यानं पिशवी गाडीत दडवली आणि एसटीने गेला. पावसाळाभर गाडी पडवीत. फोनवर मात्र, "आई, सोडे मस्त होते!"

मी गप्प बसायला हवं होतं का? वायर जोडली, पंपाने घूं केलं, गाडी लगेच सुरू. दोष शोधण्यात मी चुकत नाही. तोंड तेवढं आवरत नाही.

काकीने पिशवीत डोकावून बघितलं. "उंदरांना तरी आवडले हो," म्हणाली.

आणि सुधीरच्या वाटणीचा चहाही मलाच दिला.