रविवारची फायनल पाहायला जाण्याआधी

मी, श्रीमती सिंधू लहानू रामटेके, वय चौऱ्याहत्तर, राहणार इंदोरा, नागपूर, हा कागद माझ्या मनाने आणि माझ्याच पेनाने लिहीत आहे. कोणी डोक्यावर बसलेले नाही. डॉ. सोनिका वंजारी यांनी मला तपासून मी पूर्ण शुद्धीवर असल्याचा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. त्याच डॉक्टरीणबाईंनी मला बॉक्सिंगचे सामने पाहायची बंदी केली आहे, कारण माझ्या छातीत दोन स्टेंट आहेत. आता शुद्धीवरच्या बाईने रविवारी कुठे बसावे, हे तिचे तिला कळत नाही काय?

कारण असे की, येत्या रविवारी मुलींच्या स्पर्धेची फायनल आहे. मी जाते म्हटले तर माझा मुलगा अश्विन याचा पारा चढला. म्हणाला, "जाचंच असन तं आधी मृत्युपत्र करून ठेव, मंग जा!" लेकरू रागात बोलले, पण बोलले ते बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वकील सुशील बोरकर यांच्या दारात हजर. यापूर्वी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही.

१) इंदोऱ्याचे राहते घर, खाली दोन खोल्या, वर स्लॅब, अंगणातील बोअरसह, माझ्या पश्चात मुलगा अश्विन व मुलगी दीप्ती यांना समसमान मिळावे. अश्विनचा बेसा येथे फ्लॅट आहे, दीप्ती धरमपेठेत सुखात आहे, म्हणजे भांडायला कारण नाही. तरी भांडण निघालेच तर समोरासमोर बसून भांडावे, फोनवर नाही. फोनवरचे भांडण मिटत नाही.

२) बँकेतील ठेवही दोघांना अर्धी अर्धी. गळ्यातली सोन्याची एकदाणी दीप्तीला. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. पुण्यानुमोदनाच्या जेवणाला मात्र भाजीत तेल घालताना हात आखडू नये. लोक वंदना विसरतात, पातळ भाजी विसरत नाहीत.

३) मिरचीचे कांडप यंत्र पुष्पलता ढोके हिला द्यावे. माझे माहेर भिवापूर, मिरची तिथून यायची. कांडायला आम्ही दोघी, शिंका द्यायलाही आम्ही दोघीच. लहानूजींचा रेल्वेचा पगार आणि माझे तिखट, यांवर माझी दोन्ही लेकरे शिकली. पुष्पलताने मोटरचा पट्टा वेळेवर बदलावा. ती फार चालढकल करते.

४) श्री. चंपतराव लांजेवार यांच्याविषयी. १९७९ साली रेल्वेच्या बॉक्सिंग स्पर्धेत हे पंच होते आणि यांनी माझ्या नवऱ्याला हरवले. समोरच्या गड्याने नाही, चंपतरावांनी. आज आम्ही दोघे, रविवारी फायनल आहे त्याच हॉलमध्ये, एकाच पायरीवर बसतो, शेंगदाणे वाटून खातो आणि दर वेळी मी विषय काढते. ते म्हणतात, "सिंधूबाई, लहानूभाऊ हरलेच होते जी." साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकीलसाहेब बोलून गेले, तेव्हा मी लगेच चंपतरावांचे नाव साक्षीदार म्हणून घातले. त्यांनाही हसू आवरले नाही.

५) हे कलम मालमत्तेचे नाही, असे वकीलसाहेब म्हणतात. असू दे. जन्मभर लोकांनी मला विचारले, "काहून पाहता जी तुम्ही हे? बुद्धाचं घर तुमचं, अन् मारामारी पाहून राहिल्या!" त्यांना एकदाचे लेखी उत्तर.

खोटे कशाला बोलू, ठोसा नीट बसला की मला बरे वाटते. अंगावर काटा येतो. पंचशील मी रोज म्हणते आणि कोणाच्या अंगाला बोट लावत नाही. पण डोळ्यांना आवडते ते आवडते. दुसरे असे की, तिथे वजन करून जोडी लावतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सत्तेचाळीस किलोची होते आणि माझ्या सासूबाई ऐंशीच्या. आमची जोडी कोणी वजन करून लावली होती? तिथे घंटा वाजली की थांबावे लागते. घरच्या भांडणात मी किती वर्षे घंटेची वाट पाहिली!

आणि तिसरे, खरे तेच आहे. माणूस पडतो तो सगळीकडे दार लावून पडतो. दवाखान्यात पडदा ओढतात, धंद्यात बुडाला तर गाव सोडतो. रिंगमध्ये मात्र भर उजेडात, सगळ्यांसमोर पडतो, आणि मग तिथेच, सगळ्यांसमोर उठतो. ते उठणे पाहायला मी जाते. लहानूजींना मी पहिल्यांदा पाहिले ते असेच, कामठीच्या मैदानावर, दोनदा पडून दोनदा उठताना. हरले. मैत्रीण जिंकणाऱ्याकडे पाहत होती, मी यांच्याकडे. त्या दिवशी मी मनात ठरवून टाकले आणि मला कधी पस्तावा झाला नाही. रविवारी खेळणारी गोपिका माझी कोणी नाही. मागच्या वर्षी फायनलला ती अशी पडली की मी डोळे मिटले. उठली, आणि हरली. यंदा पुन्हा फायनलला आली आहे. मला घरी टीव्हीसमोर बसवून ठेवाल तर मी तिथेच मरीन, मग स्टेंट काय कामाचे?

६) हे कलम अश्विनसाठी. बाळा, तुझे बाबा २०१८ साली त्याच हॉलमध्ये, त्याच पायरीवर गेले. तेव्हापासून तू त्या रस्त्याने गाडी नेत नाहीस. मी सांगायला लागले की उठून जातोस. कागद हातात असला की माणसाला उठता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

त्यांना दुखत नव्हते. लाल कोपऱ्यातला मुलगा पडला होता, पंच आकडे मोजत होते. तुझे बाबा पायरीवर उभे राहून ओरडत होते, आवाज तर तुला माहीत आहे. मुलगा उठला. यांनी माझा दंड एवढा घट्ट धरला की बोटे उमटली. म्हणाले, "सिंधू, उठला वं तो! पाह्य, उठला!" आणि हसतच खाली बसले. मला वाटले दमले. डोके माझ्या खांद्यावर आले तेव्हा कळले. बॉक्सिंगने तुझ्या बाबांचा जीव घेतला असे तू म्हणतोस. मी शेजारी होते. त्यांच्यासारखा आनंदात गेलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण मीही जाईन ही तुझी भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. भीती खरी आहे रे. मलाही वाटते. तरी मला जायचे आहे.

घराच्या वाट्याला यात कसलीही अट नाही. तू कधी सामना पाहिला नाहीस तरी अर्धे घर तुझेच.

७) रविवारी माझे काही बरेवाईट झालेच, तर मला गपचूप उचलून बाहेर न्यावे. सामना थांबवू नये. त्या दोन पोरींनी वर्षभर घाम गाळला आहे.

सही करण्याआधी हा मजकूर मी अश्विनला वाचायला दिला. सहाव्या कलमावर तो थांबला. पुन्हा वरून वाचले, पुन्हा तिथेच थांबला. मी केलेला चहा निवून गेला. मी विषय न काढता दुसरा ठेवला. माझ्यासारख्या बाईला हे किती जड, ते इंदोऱ्यात कोणालाही विचारावे. शेवटी खाली मान घालूनच म्हणाला, "किती वाजता हाय सामना?"

"चार वाजता."

"तीनले तयार राह्यजो. मी येतो घ्याले. अन् तुह्या बाजूले मी बसन, चंपतरावकाकाले सरक म्हण."

वरील सर्व मी लिहिले, वाचले, मला पटले.

लिहून देणार : सिंधू लहानू रामटेके (सही)

साक्षीदार, ज्यांच्यादेखत सही झाली :
१. चंपतराव लांजेवार (सही)
२. डॉ. सोनिका वंजारी (सही)

स्थळ : इंदोरा, नागपूर
दिनांक : १२ नोव्हेंबर २०२५, बुधवार