तू थांबायचीस ती जागा

आई, आज सातवीच्या वर्गात तुझा व्हिडिओ लावला. आमच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत आता भिंतीवर मोठा स्मार्ट बोर्ड आहे, आणि त्यावर तू एवढी थोरली दिसतेस की मागच्या बाकावरच्या मुलीलासुद्धा तुझ्या चष्म्याची दोरी दिसावी. तुझा आवाज आला आणि मी हजेरीत काहीतरी शोधते आहे असं दाखवून मान खाली घातली. तू गेल्याला बरीच वर्षं झाली. तरी तुझी आठवण वेळकाळ बघत नाही, भर वर्गात चाळीस मुलींसमोरही येते.

कोरोनात शाळा बंद झाल्या तेव्हा मी नोकरीत नवी होते आणि मोबाइलवर गणित शिकवताना माझी त्रेधा उडायची. तू गणिताचीच मास्तरीण, रिटायर झालेली. मीच म्हटलं, आई, तू शिकव, मी रेकॉर्ड करते. स्वयंपाकघरातली भांडी दिसू नयेत म्हणून आपण मागे भैरवगढची लाकडी ठप्प्यांनी छापलेली चादर टांगली. मी समोर स्टुलावर मोबाइल धरून बसले आहे, आणि तू ठरवलेलं सगळं सोडून त्या चादरीकडेच वळतेस. हातात छडीऐवजी लाटणं. "बेटा, ध्यान से देखो," तू म्हणतेस, "एक ठप्पा कहाँ ख़त्म हुआ और दूसरा कहाँ से शुरू हुआ?" आणि मग तू थांबतेस. ओठ मिटलेले, नजर समोर. कुकरची शिट्टी होते तरी हलत नाहीस. शाळेत जन्मभर तू अशीच थांबायचीस. प्रश्न टाकायचा आणि कोणाचा तरी चेहरा उजळेपर्यंत बघत राहायचं.

संध्याकाळी मी ते थांबणं कापून टाकलं. एकेक जागा शोधून, बोटानं सरकवून. अकरा मिनिटांचा धडा सात मिनिटांत बसला आणि मी मोठ्या तोऱ्यात तुला दाखवायला आणला. तू शेवटपर्यंत बघितलास.

"मीच विचारते न मीच सांगून टाकते? अगं, पोरींना सोचायला टाइम तर दे."

"आई, मोबाइलवर इतकं कोणी थांबत नाही. पुढे सरकवून देतात."

तू वाद घातला नाहीस. "तुझं मशीन, तुला माहीत," एवढंच म्हणालीस आणि भाजी निवडायला बसलीस. पुढचे सगळे धडे तू नीट शिकवलेस, पण त्यातल्या एकातही प्रश्न विचारला नाहीस. हे माझ्या ध्यानात यायला इतकी वर्षं गेली, याची मला लाज वाटते.

आज तुझा प्रश्न संपला आणि मी बोर्डावर बोट ठेवून तुला तिथेच थांबवलं. पहिल्या बाकावरून विचारणा झाली, "मॅडम, बोर्ड हैंग हो गया?" मी म्हटलं, "नहीं, मॅडम रुकी हैं. तुम देखो." जरा खुसखुस झाली, मग ओसरली. मुली खरंच बघायला लागल्या. एक उठून पुढे आली आणि वेलीच्या एका पानावर तिनं बोट टेकवलं, जिथे रंग दोनदा बसून गडद झाला होता. "यहाँ जोड़ है." तुला किती आनंद झाला असता. पण आई, ते काही तुझं थांबणं नव्हतं. ते नुसतं गोठलेलं चित्र, तोंड अर्धवट उघडं. मूळ रेकॉर्डिंग मी मोबाइल भरला म्हणून केव्हाच पुसून टाकलं. तुझे शब्द माझ्यापाशी भरपूर आहेत. मला तुझं ते गप्प उभं राहणं हवं आहे, आणि ते आता कुठेच नाही.

हे पत्र माझ्या पाठटाचणाच्या वहीत राहील, दुसरीकडे ते जाणार तरी कुठे. पण एक गोष्ट तेव्हाच तुला सांगायला हवी होती. मुली पुढे सरकवतात वगैरे मी उगाच म्हटलं होतं. मुली थांबल्या असत्या. त्या दिवशी तुझ्यासमोर मुली नव्हत्याच, मी होते. तू माझ्याकडे बघत थांबली होतीस, आणि गणिताची मास्तरीण असून मला उत्तर येत नव्हतं.